ब्रँडिंग सोडलं आणि ताटं गोळा करायला लागले (लागोसहून)

आडवळणी · रविवार, रात्री १०:१२

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. "अगं, तू आता नक्की करतेस काय?" हा प्रश्न आईपासून ते इथल्या गणपतीत वर्षातून एकदा भेटणाऱ्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय आणि प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलंय. एकदा सगळं लिहून काढते, म्हणजे पुढच्या वेळी दुवा चिकटवता येईल.

मी सांगलीची. पुण्यात कमर्शिअल आर्ट केलं, तिथेच पाच वर्षं जाहिरातींत काढली आणि २०११ साली नवऱ्याच्या नोकरीमागोमाग लागोसला आले. इथे एका कंपनीच्या पॅकेजिंग विभागात लागले. नायजेरियात पाऊच हे दैवत आहे. दूध पावडर, साबणचुरा, टोमॅटोची पेस्ट, प्यायचं पाणीसुद्धा पाऊचमध्ये. टपरीवर माळ करून टांगलेल्या शंभर पाऊचांतून आपला लांबून ओळखू आला पाहिजे, एवढंच माझं काम. ते मला चांगलं जमायचं. हे आधीच सांगते, कारण ही 'नोकरीत जीव रमेना' छापाची गोष्ट नाही.

झालं असं, की एका मसाल्याला 'परंपरेचा टच' द्यायचा होता. ब्रीफमध्ये हेच शब्द. मी अदिरे घेतलं. अदिरे म्हणजे योरुबा बायका निळीत रंगवतात ते सुती कापड. एक तर राफियाच्या धाग्याने बांधून रंगवायचं, नाही तर कसावा या कंदाच्या पिठाची खळ करून कोंबडीच्या पिसाने तिची नक्षी काढायची. खळ लागलेल्या जागी नीळ धरत नाही. मी एका जुन्या कापडावरचे चमचे उचलले, नारिंगी केले आणि पाऊचभर पसरले. साहेब खूश. बाजारचाचणीला आबेओकुटाला गेलो. हे अदिरेचं माहेरघर. तिथला इटोकू बाजार त्याच्याचसाठी ओळखला जातो. एका म्हाताऱ्या दुकानदारीणबाईंनी पाऊच उलटासुलटा करून पाहिला आणि शेजारणीला हाक मारली. दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

ते चमचे ज्या नक्षीतले, तिचं नाव 'इबादानदून'. म्हणजे 'इबादान लय भारी'. इबादान शहरात टेकडीवर मापो हॉल नावाची जाडजूड खांबांची इमारत आहे, १९२९ सालची. तिचे खांब आणि खांबांच्या मधे चमचे, अशी ती रचना. पाऊचवर मावेनात म्हणून खांब मी काढून टाकले होते. थोडक्यात, कोल्हापुरात विकायच्या कांदा-लसूण मसाल्यावर मी 'पुणे तिथे काय उणे' छापलं होतं, आणि त्यातही फक्त 'काय उणे'.

पाऊच बाजारात आला. खपलाही बरा. इबादानदूनबद्दल ऑफिसात कोणालाच काही वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा नुसती लाज वाटली, बाकी काही नाही.

दुसरी गोष्ट बुकाची. बुका म्हणजे इथली खानावळ. आमच्या ऑफिसमागे एक होती. तिथे जेवण यायचं ते मेलेल्या माणसांच्या ताटांत. घाबरू नका. इथे वयस्कर माणूस गेलं की रडणं थोडं आणि समारंभ मोठा. बँड, भात, नाचणाऱ्यावर नोटांची उधळण, सगळ्या नातलगांना एकाच छापाचं कापड (त्याला 'आशो-एबी' म्हणतात, म्हणजे घरचं कापड), आणि निघताना प्रत्येक पाहुण्याच्या हातात भेटवस्तू: बादली, ट्रे, चाळणी, वही, ताट. त्यावर गेलेल्या माणसाचा फोटो, तारीख आणि 'मुलं, सुना, जावई, नातवंडं यांजकडून'. लग्नं, साठ्या, घरभरण्या यांचंही तेच. अशा समारंभाला 'ओवाम्बे' म्हणतात. शनिवारी लागोसमध्ये गाडी काढायची सोय नसते ती ह्याच्यामुळे.

तर बुकावाल्या मावशींकडे अशी साठ-सत्तर ताटं होती. सर्वांत जुनी एनॅमलची, मग मेलामाईनची, मग हलक्या प्लॅस्टिकची. एकदा त्यांनी माझ्यापुढे निळं ताट ठेवलं आणि शेजारच्या ड्रायव्हरपुढे हिरवं. दोन्हींवर एकच माणूस. निळ्यावर म्हातारा, पाच मुलांची नावं. हिरव्यावर तोच, पण तरुणपणीचा, सूट घातलेला, आणि मुलं अकरा. तारखांमध्ये तीन महिन्यांचं अंतर. मी विचारलं, खरं कुठलं? मावशी म्हणाल्या, दोन्ही. दोन बायका, दोन घरं, दोन समारंभ. गिऱ्हाईक कुठल्या घराच्या बाजूचं, ते बघून त्या ताट काढायच्या.

मी दहा वर्षं लोकांना ब्रँडबुकं लिहून दिली आहेत. लोगोभोवती किती मोकळी जागा सोडायची, लाल नेमका कुठला, काय चालणार नाही याची पानंच्या पानं. एका लोगोची दोन रूपं दिसली असती तर मी एजन्सीला फोनवर झापलं असतं. आणि इथे ही बाई एकाच माणसाच्या दोन आठवणी एका मांडणीवर ठेवून रोज दुपारी दोनशे माणसं जेवू घालत होती.

२०२२ मध्ये नोकरी सोडली. आता इबादानला संशोधन करते: १९७० नंतरच्या ओवाम्बेच्या भेटवस्तू, त्या छापणारे, आणि त्या घरात कशा वापरल्या जातात. पगार नाही, शिष्यवृत्ती आहे, ती मोजत बसू नये.

आणि जाहिरातीतून इकडे आलेली मी पहिली नाहीच. ओजेइकेरे म्हणून फोटोग्राफर होते (१९३०-२०१४). १९६३ ते ७५ लागोसच्या एका जाहिरात कंपनीत नोकरी केली आणि १९६८ पासून बायकांच्या केशरचनांचे फोटो काढायला घेतले. बाजारात, लग्नात, ऑफिसात. बहुतेक पाठमोऱ्या. जवळपास हजार रचना. सकाळी घातलेली वेणी आठवड्याने सुटते, तिचा पुतळा होत नाही, म्हणून. प्रॉडक्ट फोटोग्राफरची शिस्त त्यात स्पष्ट दिसते: साधी पार्श्वभूमी, एक वस्तू, बास.

विचारा काय विचारायचं ते.

खडूस_काका · रविवार, रात्री ११:०५

लेख आवडला, मसाल्याचा किस्सा झकास. पण एक प्रामाणिक शंका. नायजेरियाचा वारसा म्हणजे आम्ही बेनिनचे ब्राँझ (तिथल्या बेनिन नावाच्या जुन्या राज्यातले) वगैरे ऐकून आहोत. प्लॅस्टिकच्या बादल्यांवर पीएच.डी. म्हणजे जरा अतीच नाही का? उद्या कोणी आमच्याकडच्या सत्यनारायणाच्या स्टीलच्या वाट्यांवर प्रबंध लिहील.

चिंचगुळ · रविवार, रात्री ११:२०

काका, लिहावाच! आमच्या घरी एकही पातेलं बिननावाचं नाही. 'चि. सौ. कां. हिस मामाकडून सप्रेम', खाली तारीख. पूर्वी दारावर नाव घालणारा यायचा, टकटक टकटक करत ठिपक्यांनी अक्षरं काढायचा. नंतर भांड्यांच्या दुकानातच मशीन आलं आणि अक्षरं किरटी झाली. आजी नाव वाचून भांडं उसनं द्यायची. माहेरच्या नावाचं कधी बाहेर जायचं नाही.

वाचनखूण साठवली आहे.

आडवळणी · सोमवार, सकाळी ७:४०

चिंचगुळ, तुम्ही माझं एक प्रकरण तीन ओळींत लिहिलंत. हे 'माहेरच्या नावाचं बाहेर जायचं नाही' मी उचलू का?

काका, राग नाही. पण बेनिनच्याही आधीची गोष्ट सांगते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस पूर्व नायजेरियात इग्बो-उक्वू गावात एक गृहस्थ अंगणात पाण्याचं टाकं खणत होते. खाली ब्राँझची भांडी लागली. त्यातली काही त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना देऊन टाकली. १९५९ मध्ये थर्स्टन शॉ यांनी रीतसर उत्खनन केलं, तेव्हा कळलं की हे काम नवव्या शतकाच्या आसपासचं. त्यात एक घडा आहे, दोरखंडाच्या जाळीत ठेवलेला, आपल्याकडच्या शिंक्यासारखा. दोर, गाठी, सगळं ओतीव धातूचं. नोक या प्राचीन नायजेरियन संस्कृतीची मातीची शिल्पं तर त्याहून हजारभर वर्षं जुनी. त्यातलं एक मुंडकं १९४३ मध्ये एका कारकुनाने रताळ्याच्या, चुकले, यामच्या शेतात बुजगावणं म्हणून काठीवर लावलं होतं. पाखरं हाकलत होतं बिचारं.

तेव्हा अमुक वस्तू वारसा आणि तमुक बादली, हे ठरतं कधी? आणि बादलीची गोष्ट सांगणारी माणसं अजून जिवंत आहेत, घड्याची नाहीत. मला घाई आहे ती त्याची.

सातारी_तर्री · सोमवार, दुपारी १:१५

बेनिनचा विषय निघालाच आहे तर, जर्मनीने त्यांच्या वस्तू परत केल्या ना? मग आमची वाघनखं तीन वर्षांच्या उसनवारीवर का? जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली तेव्हा रांगेत उभा राहून पाहिली. अभिमान वाटला, आणि खाली 'कर्जाऊ' वाचून डोकंही फिरलं. (खरी की खोटी हा वाद इथे नको, त्याला दुसरा धागा आहे.)

नाममात्र · सोमवार, दुपारी २:०२

तर्री, कायदा आडवा येतो. वाघनखं ज्यांची, त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला १९८३ चा कायदा, ब्रिटिश म्युझियमला १९६३ चा. संग्रहातली वस्तू सहसा कायमची देताच येत नाही, उसनी देता येते. जर्मनीचा मामला वेगळा होता, तिथे संग्रहालयांच्या सरकारी मालकांनीच ठरवलं. आणि रघुजी भोसल्यांची तलवार विसरलात? २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने चक्क विकत घेतली. सुमारे ४७ लाख मोजून.

आडवळणी · सोमवार, रात्री ९:३०

नाममात्र, अगदी हेच नायजेरियानेही केलंय. १८९७ च्या फेब्रुवारीत इंग्रजी फौजेने बेनिनचा राजवाडा लुटला. ओबा (म्हणजे बेनिनचे राजे) ओवोनराम्वेन यांना कॅलाबारला हद्दपार केलं, ते १९१४ मध्ये तिथेच वारले. वस्तू लंडनहून जगभर विकल्या गेल्या. (म्हणतात सगळे ब्राँझ, पण बरंचसं पितळ आहे.) मग १९५० च्या सुमारास लागोसला संग्रहालय उभं करायचं ठरलं, तेव्हा त्यातल्याच काही पाट्या ब्रिटिश म्युझियमकडून विकत घ्याव्या लागल्या. स्वतःच्या घरातून चोरीला गेलेलं भांडं जुन्या बाजारातून आणायचं, तसं.

पुढचा किस्सा ऐका. १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष गोवोन लंडनला निघाले. राणीला द्यायला भेट हवी. त्यांनी त्याच लागोसच्या संग्रहालयातून बेनिनचं एक धातूचं मस्तक उचललं आणि नेऊन दिलं. विंडसरच्या राजवाड्यात बरीच वर्षं ती आधुनिक प्रतिकृती समजली जात होती. अस्सल आहे हे २००२ मध्ये उघड झालं.

आणि आता माझ्या जुन्या धंद्याशी थेट नातं असलेली गोष्ट. १९७७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत लागोसला फेस्टॅक झालं, जगभरच्या काळ्या लोकांचा कलामहोत्सव. त्याचं बोधचिन्ह म्हणून राणी इदियाचा हस्तिदंती मुखवटा निवडला. इदिया ही सोळाव्या शतकातल्या ओबा एसिगेची आई. मुखवटा ब्रिटिश म्युझियममध्ये. नायजेरियाने महोत्सवापुरता मागितला. नाजूक आहे, प्रवास झेपणार नाही, असं उत्तर आलं. इथे बेनिनमध्ये प्रतिकृती कोरली गेली आणि एर्हाबोर एमोक्पाए या चित्रकाराने त्यावरून चिन्ह केलं. ते कापडावर आलं, बिल्ल्यांवर आलं, तिकिटांवर आलं. माझ्या संग्रहात त्याच वर्षीच्या एका लग्नाचा एनॅमलचा ट्रे आहे. वधूवरांची नावं कडेला आणि मधोमध इदिया. लग्नाशी तिचा संबंध काय? काही नाही. ज्या बाईंनी तो मला दिला त्या म्हणाल्या, "त्या वर्षी सगळ्यावर तीच असायची, लग्न तिच्याशिवाय कसं होणार?" ज्या मुखवट्यासाठी देशाला नकार मिळाला, तो असा घरोघरी भात वाढायला बसला. चांगलं चिन्ह म्हणजे काय, हे मला शिकवताना कोणी हे उदाहरण दिलं नव्हतं.

तर्री, परत मिळालं की संपलं, असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये जर्मनीच्या परराष्ट्रमंत्री वस्तू घेऊन अबुजाला आल्या. २०२५ मध्ये नेदरलँड्सने ११९ वस्तू दिल्या. पण त्या कोणाच्या? केंद्राच्या संग्रहालय खात्याच्या, राज्याच्या, की ओबांच्या? २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी जाताजाता ओबांना मालक ठरवणारा आदेश काढला. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेनिन सिटीतल्या नव्या संग्रहालयाच्या उद्घाटनाआधीच निदर्शक आत शिरले आणि परदेशी पाहुण्यांना बाहेर काढावं लागलं. मला बातमी वाचताना ती निळी आणि हिरवी ताटंच आठवली.

मोगरा · मंगळवार, सकाळी ११:१०

खूप सुंदर चाललाय धागा. माझा प्रश्न बाळबोध आहे. आजीच्या वस्तू मी इतकी वर्षं जपतेय, आता फ्लॅट लहान आहे, मुलींना नको आहेत. तुम्ही लोकांच्या बादल्या जपता. पण सगळंच जपायचं असतं का?

आडवळणी · मंगळवार, दुपारी ४:५५

मोगरा, बाळबोध अजिबात नाही. ओवेरीच्या बाजूला इग्बो लोकांत म्बारी नावाची पद्धत होती. आला ही भूदेवी. तिचा कोप झाला, साथ आली, पीक गेलं की कौल लावून तिच्यासाठी मातीचं घर बांधायचं. निवडलेल्या माणसांनी महिनोन्‌महिने, कधी वर्षांवर, कुंपणाआड राहून मूर्ती घडवायच्या: मध्यभागी देवी, भोवती जनावरं, बाळंत होणारी बाई, शिंपी, शिलाई मशीन, सायकलवाला, गोरा साहेब. ज्या दिवशी उघडायचं त्या दिवशी सगळा गाव लोटायचा. आणि त्यानंतर त्या घराकडे कोणी ढुंकून बघायचं नाही. छप्पर गळेल, पावसात मूर्ती विरघळतील, माती मातीला मिळेल. डागडुजी करायची नाही. पुढच्या संकटात नवं म्बारी बांधायचं. घडवताना हात जे शिकले ते जपायचं, घर नाही. आता ओवेरीला सिमेंटची म्बारी आहे, प्रवासी बघायला जातात. टिकाऊ आहे. मला ती बघताना जरा चुकल्यासारखं वाटलं.

खडूस_काका · मंगळवार, सायंकाळी ६:२०

म्हणजे आपला गणपतीच की. शाडूचा. आणि तुमचं सिमेंटचं म्बारी म्हणजे प्लॅस्टरचा, जो पाण्यात टाकला तरी विरघळत नाही.

बादल्यांबद्दलचा माझा आक्षेप अर्धा मागे घेतो. अर्धा राखून ठेवतो.

पैलतीर · मंगळवार, रात्री १०:४०

इतका वेळ गप्प होतो, कारण लेखन छान आहे आणि माझा सूर बेसूर लागेल. मी स्वतः चार वर्षं पूर्व आफ्रिकेत काढली आहेत. आपली माणसं तिकडे कशी राहतात ते पाहिलंय: कुंपणाच्या आतली वसाहत, ड्रायव्हर, कुक, आणि घरी बोलताना स्थानिकांसाठी वापरले जाणारे शब्द मी इथे लिहूही शकत नाही. अशा कुंपणाआडून आलेल्या, कालपर्यंत त्यांनाच पाऊच विकणाऱ्या बाईने त्यांच्या मयताच्या ताटांचा अभ्यास करावा, त्यावर पदवी मिळवावी, यात तुम्हाला काहीच खटकत नाही? इंग्रजांनी मुखवटा नेला, तुम्ही ताट नेताय.

चिंचगुळ · मंगळवार, रात्री १०:५८

जरा जास्तच कडक झालं हे.

आडवळणी · बुधवार, सकाळी ६:३०

नाही चिंचगुळ, बरोबर विचारलंय. रात्रभर डोक्यात होतं.

कुंपण खरं आहे. पहिली सहा वर्षं मी त्याच्या आतच होते. मला इथे 'ओगा मॅडम' म्हणतात, ओगा म्हणजे साहेब, आणि मी ते बराच काळ कौतुकाने ऐकून घेतलं. इबादानला पहिल्या मुलाखतीला गेले, तर बाईंनी विचारलं, "कुठल्या कंपनीकडून?" कारण भारतीय बाई वही घेऊन दारात आली की ती साबण नाही तर मसाला विकणार, हे त्यांना ठाऊक. तो समज मीच तयार केलेला.

आता काय करते ते सांगते, सफाई म्हणून नाही. ताट मी नेत नाही. त्याच घरात फोटो काढते, मापं घेते, गोष्ट ऐकते, ताट फळीवर परत. कोणी आग्रहाने दिलंच तर घेते आणि अशा वस्तूंची यादी इबादानच्या ग्रंथालयात ठेवलेली आहे, माझ्या घरी नाही. काम दोघी करतो: मी आणि इथल्या एक निवृत्त शिक्षिका. वाण्याच्या हिशेबासारखं स्पष्ट ठरलंय, लेखावर नाव दोघींचं, आणि त्यांचं आधी. ज्या बाईने गोष्ट सांगितली तिचं नाव, तिची हरकत नसेल तर, गोष्टीसोबत. जात्यावरच्या ओव्यांचं जे काम हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी केलं, लाखावर ओव्या, त्यात ओवी कोणाची आणि कुठल्या गावची याची नोंद आहे. 'अनामिक लोकगीत' नाही. माझ्यासमोर नमुना तोच आहे.

एवढं करूनही तुमचा आक्षेप संपतो असं मला वाटत नाही. पदवी मलाच मिळणार आहे.

पैलतीर · बुधवार, सकाळी ९:१५

शेवटच्या ओळीसाठी धन्यवाद. ती नसती तर पुढे लिहिलं असतं.

शाईपेन · बुधवार, दुपारी १२:३०

ताई, मी पुण्यात ब्रँडिंगच करते, सहा वर्षं झाली. तुमचा धागा वाचून काल नीट झोप लागली नाही. व्यावहारिक विचारते: जुन्या कामातलं इथे काय उपयोगी पडलं, आणि काय विसरावं लागलं?

आडवळणी · बुधवार, रात्री ८:४५

शाईपेन, आधी झोप. राजीनामा सकाळी.

उपयोगी पडली ती छपाईची ओळख. शोमोलू हा लागोसचा छापखान्यांचा भाग, आपल्या अप्पा बळवंत चौकामागच्या गल्ल्यांना दहाने गुणा. तिथे मी दहा वर्षं पाऊचचे प्रूफ घेऊन भांडलेली, त्यामुळे मला कोणी बाहेर काढत नाही. बादलीवरचा फोटो स्क्रीन प्रिंटिंगने येतो. काम झालं की जाळी धुऊन टाकतात आणि त्याच जाळीवर पुढच्या माणसाचा चेहरा चढतो. मी विचारलं, जुने ठेवत का नाही? कारागीर म्हणाला, जाळी महाग आहे, माणसं काय, रोज मरतात. पण त्याच्याकडे नमुन्याची एकेक वस्तू असते, नवीन गिऱ्हाईकाला दाखवायला. त्या नमुन्यांच्या पोत्यांत मी तीन महिने बसून होते. अक्षराचा टाइप बघून साल ओळखता येतं, कोणत्या दशकात कोणते फॉन्ट शोमोलूत आले ते मला पाठ आहे. हे कुठल्या इतिहासाच्या वर्गात शिकले नसते.

विसरावी लागली ती मुलाखत घ्यायची पद्धत. ब्रँडच्या संशोधनात आपण काय करतो? आठ बायका, एक तास, चहा-बिस्किटं, एक पाकीट, आणि बाहेर पडताना हातात एक वाक्य हवं, साहेबाला स्लाइडवर दाखवायला. इथे पहिल्या भेटीत नमस्कारच अर्धा तास चालतो: तब्येत, मुलं, घर, रस्ता, पाऊस. ताटाचा विषय तिसऱ्या भेटीत. आणि जे सांगतात ते एका वाक्यात मावत नाही. मावलं तर समजायचं, आपण पुन्हा खांब काढून टाकले.

भाषा शीक. ज्या गावचं काम करशील तिथली. योरुबात सूर बदलला की शब्द बदलतो. 'ओको' सपाट म्हटलं तर नवरा, शेवट चढवला तर कुदळ, उतरवला तर गाडी. पहिल्या वर्षी मी एका सभेला उशिरा पोचले आणि सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं की माझा नवरा पुलावर बंद पडला, चार जणांनी ढकलून कडेला लावला. अजून तिथे लोक त्याची तब्येत विचारतात.

आणि पैशाचं: नवऱ्याचा पगार चालू आहे म्हणून हे जमलं. हे कोणी लिहीत नाही, म्हणून लिहिते.

सुताड · बुधवार, रात्री ११:००

कापडात काम करतो म्हणून एक भर. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात कालाबारी लोक आहेत. आपल्या दक्षिणेतून जाणारं चौकड्यांचं मद्रास कापड ते शतकानुशतकं घेतात, त्याला 'इंजिरी' म्हणतात. त्यांच्या बायका त्यातले काही धागे ब्लेडने कापून उपसून काढतात, उरलेल्यांतून नवीनच नक्षी दिसते. त्याला 'पेलेते बिते' असं नाव. आपण विणलेलं, त्यांनी उसवून स्वतःचं केलेलं. आडवळणीताई, पाहिलंय का प्रत्यक्ष?

आडवळणी · गुरुवार, सकाळी ७:०५

पाहिलंय, पोर्ट हारकोर्टला, अंत्यविधीतच. गेलेल्या माणसाच्या पलंगाभोवती घराण्याची जुनी कापडं मांडली होती. एका आजींनी मला इंजिरी दाखवून विचारलं, "तुमच्याकडे हे नेसतात का?" मी म्हटलं, आमच्याकडे एवढे कष्ट घेऊन धागे काढणारं कोणी नाही. त्या म्हणाल्या, मग हे तुमचं नाहीच.

खडूस_काका · गुरुवार, सकाळी १०:२५

काल रात्री माळ्यावर चढलो. बायको विचारते काय शोधताय, म्हटलं संशोधन. पितळी डबा सापडला, त्यावर माझ्या मुंजीची तारीख आहे आणि माझंच नाव चुकीचं कोरलंय. पासष्ट वर्षं कोणी पाहिलं नाही.

चिंचगुळ · गुरुवार, दुपारी ३:४०

काका, तुमचं निदान नाव तरी आहे. मी कालपासून आमची सगळी भांडी पालथी घालून यादी करतेय, एकेचाळीस झाली. त्यात एक तांब्या, चांगला जड, ठिपक्यांची जुनी अक्षरं: 'द. ना. गो. यांजकडून, १९४९'. आमच्या माहेरी-सासरी दोन्हीकडे गो. आडनावाचं कोणी नाही. आईला विचारलं, तिला वाटायचं तो सासरचा. सासूबाईंना वाटायचं मी माहेरून आणला. ऐंशी वर्षांच्या आत्याला फोन लावलाय, दुपारची झोपली असेल, उचलत नाहीये.